आमचे बक्षीस परत घेण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, विद्यार्थी अर्थसाहाय्य विभाग,
मेस्कीट विद्यापीठ, टेक्सास.

विषय : वडिलांनी आनंदाने केलेली सही रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपले १८ मार्चचे 'अवॉर्ड' पत्र.

महोदय,

१. सदर पत्रान्वये मला एकतीस हजार डॉलरचे 'अवॉर्ड' जाहीर झाले. आईवडिलांना इंग्रजी येत नसल्याने आठव्या वर्षापासून घरातली सरकारी पत्रे मीच वाचून दाखवते. अवॉर्डला स्पॅनिशमध्ये 'प्रेमिओ' म्हणजे बक्षीस म्हणतात, तसेच मी सांगितले. आईने रविवारी पन्नास माणसांना पुरतील एवढे तामालेस केले.

२. त्याच आठवड्यात एका छोट्या कॉलेजाने सोळा हजार देऊ केले होते. घरात एकतीस आलेले असताना सोळाला कोण विचारतो? मी नकार कळवला. ते सगळे अनुदान होते, फेडायचे नव्हते. आपल्या एकतीसमध्ये अठरा हजार कर्ज आहे, हे मला पाच आठवड्यांनी कळले. दोष आपला मुळीच नाही. आपण ते दुसऱ्या पानावर 'अनसब', म्हणजे व्याजाची सवलत नसलेले कर्ज, अशा सुबोध शब्दात छापले होते. वडिलांच्या नावच्या कर्जाला तर 'पेरेंट प्लस' म्हटले होते. प्लस म्हणजे अधिक, म्हणून आम्ही ते मिळकतीत धरले.

३. पालकांसाठी आपण स्पॅनिशमध्ये सभा घेतलीत, त्याबद्दल ऋणी आहे. पत्रानंतरच्या मंगळवारी सकाळी दहाला, कांद्याच्या शेडमधला अर्धा दिवस बुडवून वडील आले. आपला दुभाषी आला नाही, म्हणून मलाच पुढे उभे केले गेले. जे विचारायला मी आले होते, तेच मी चाळीस घरांना समजावून सांगितले. टाळ्या पडल्या. मग सहीचे कागद फिरले. वडिलांनी हळूच विचारले, "पोरी, बक्षीस घ्यायलाही सही लागते?" मी म्हणाले, "मोठ्या ठिकाणी लागते, पापा." त्यांनी टोपी काढून दोन्ही आडनावांसकट सही केली. ते आठवले की मला स्वतःची लाज वाटते.

४. प्रवेश नाकारण्याची मुदत १ मेपर्यंत आहे. तरी ती सही रद्द करावी; मी गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातले आहे. तिथे मला शिकायचे होते ते भूगर्भशास्त्र नाही, पण बक्षीसही नाही.

५. सभेतल्या उरलेल्या घरांना 'कर्ज' हा शब्द स्पॅनिशमध्ये, पहिल्याच पानावर लिहून कळवावे. मी सव्वीस घरी फोन केले. नऊ घरांचा विश्वास बसत नाही. एक बाई म्हणाल्या, "विद्यापीठाने उभी केलेली मुलगी खोटं कशाला सांगेल?" ती मुलगी मीच, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

आपली कर्जपात्र,
मारिसेला ओलिवारेस कांतू
दि. २७ एप्रिल

सोबत : १) अवॉर्ड पत्राची प्रत. २) सभेत भाषांतर केल्याबद्दल मिळालेला टी-शर्ट, घडी न मोडलेला.