कैचीतली आडवी तुळई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खालचं दुकान आता पुरत नाही, म्हणून माळ्यावर शिलाईची खोली काढतो आहे. अडचण एकच. छपराच्या एका उतारापासून दुसऱ्या उतारापर्यंत लाकडी तुळया आडव्या गेल्यात, बरोब्बर कपाळाच्या उंचीवर. बायकोला टेंगूळ आलं, मला दोन. गवंडी म्हणाला, छप्पर भिंतींवर बसलंय, कैचीतल्या या तुळया उगाच आहेत. मी शिंपी, मला कैची ठाऊक ती कापडाची! काल दोन तुळया कापल्या. छप्पर जागच्या जागी. उरलेल्या रविवारी.

अण्णा खालच्याच खोलीत पडून असतात, गुडघ्यांनी दगा दिलाय. ठोकाठोकीवर करवादतात. दुकान सोडून तू छपरांचं सुतारकाम शिकायला गेलीस, तेव्हापासून पोटच्या लेकीचं नाव घेत नाहीत ते नाहीतच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून लाकडाच्या ट्रकवाल्याच्या हाती हे पाठवते. आधी करवत खाली ठेव, मग पुढे वाच.

दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या तळहातांवर रेलली, की पाय मागे सरकायला लागतात. वाशांचं तसंच. वर ते आढ्याला एकमेकांवर रेललेले, खाली भिंतीवर टेकलेले. पाय बाहेर सरकू नयेत म्हणून आडवी तुळई दोघांना ओढून धरते. दोन वासे आणि ही तुळई मिळून कैची होते. तुळई काढलीस की कैची उरत नाही, नुसते दोन वासे उरतात, आणि ते भिंतीला बाहेर ढकलत राहतात. लगेच काही दिसत नाही, तोच धोका. मग एखादा जोराचा वारा पुरतो.

बाहेर जाऊन भिंतीची वरची कड बघ. खिडक्या अडकतात का? अडकत असतील तर सामान राहू दे, अण्णांना उचल आणि सगळे बाहेर पडा. माझा जीव टांगणीला आहे. इथलं छप्पर अर्धं उघडं आहे, ते झाकलं की निघतेच.

सगळ्यांना सांभाळ, शहाणपणा नंतर कर.
तुझी ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अण्णांच्या खोलीतली खिडकी रंध्याने तासत होतो. लाकूड फुगलंय असं वाटलं होतं. वाचलं आणि बाहेर धावलो. भिंत वरच्या बाजूला झुकली होती, छपराखाली अंगठा जाईल एवढी फट पडली होती. वारा सकाळपासून होताच. बायकोने मुलीला काखोटीला मारलं. अण्णा मात्र ढिम्म. म्हणाले, आयुष्य या छपराखाली गेलं, भित्र्यांनी खुशाल जावं. मी हात जोडले, ओरडलो, रडलोसुद्धा. वर वासे करकरत होते. शेवटी म्हटलं, हे मी सांगत नाही, ताईने लिहून पाठवलंय.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय पलंगावरून खाली सोडले आणि माझ्या खांद्यासाठी हात पुढे केला.

रस्ता ओलांडला तोच एक बाजू बसली. अख्खा उतार माळ्यासकट अण्णांच्या पलंगावर आला. धूळ उडाली, आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात. सध्या समोरच्या शाळामास्तरांनी त्यांची पडवी दिलीय.

अण्णांनी आत्ताच हे पत्र मागितलं. उरलेली जागा त्यांची. तू आहेस म्हणून आम्ही आहोत.
तुझा धाकटा

चि. थोरलीस,
आशीर्वाद.
धाकटा नव्या छपरासाठी माणूस शोधतो आहे. मी त्याला सांगितलं, आपल्या घरात माणूस आहे. दोन उतारांचं दुपाखी घालायचं की चार उतारांचं चौपाखी, ते तू ठरव. मला त्यातलं कळत नाही. खुर्ची मागवून घेतली आहे. तू वर काम करशील तेव्हा मी खाली बसून बघेन.
अण्णा