ओळखू न येण्याचा लेप

३ नोव्हेंबर
अलेक्झांड्रियातल्या औषधांच्या कारखान्यात लागले. काम बाटल्या धुवायचं, पण पांढरा कोट मिळालाय. आई गल्लीभर सांगत सुटलीय, आमची नुहा डॉक्टर झाली. इथं जंतूंकडून प्रथिन बनवून घेतात, लहान पोरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर. पण शरीराला ते परकं वाटतं, हाकलून देतं. म्हणून आमच्या विभागाच्या मुख्य इनासबाई त्यावर लेप चिकटवतात. मग शरीरातले पहारेकरी त्याला ओळखतच नाहीत. मी म्हटलं, बाई, मलाही द्या थोडा, आत्या लग्नाचं विचारायला आली की लावीन. बाई म्हणाल्या, तोंड कमी चालव, हात जास्त.

९ नोव्हेंबर
उरलेला लेप जिवंत असतो म्हणे. भांडं धुण्याआधी त्यात लेप निकामी करणारं मारकं पाणी ओतायचं, नाहीतर भेटेल त्या प्रथिनाला चिकटतो. कातडीलासुद्धा. शेजारच्या टेबलावरचा करम म्हणाला, हिला कशाला सांगता, हिचं डोकं म्हणजे रिकामी बाटली. त्याला चिडवायला मी हातमोजे काढले आणि लेप गालांना फासला, नवरीसारखा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. गाल गार पडले. छान वाटलं.

१० नोव्हेंबर
कारखान्याच्या फाटकावर रखवालदार शहाताकाकांनी अडवलं. रोज माझ्याकडून शेंगदाणे उकळणारा माणूस, विचारतो, कोण गं तू, कुणाकडे जायचंय? आत करम म्हणाला, ताई, नुहाला पाहिलंत का? दोघांनी मिळून माझी जिरवली, झकास. घरी आईनं उशीर केला म्हणून कान धरला. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
गंमत नाहीये ही. इनासबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, हळूच म्हणाल्या, पोरी, नुहाला मी ओळखते. तू ती नाहीस.
आरशात मीच आहे. गाल रक्त येईस्तोवर घासले.
आई ओळखते. तेवढं पुरे.

१२ नोव्हेंबर
सकाळी आई माझ्याकडे बघत राहिली. नाव आठवायला वेळ लागला — मग हसली, म्हणाली, वय झालं गं.
आज तिचा हात सोडला नाही.

१३
पाव घेऊन आले. आईनं दार उघडलं, म्हणाली, नुहा घरात नाही. मी आई म्हटलं. रडले. तिला दया आली, आत बसवलं, पाहुण्यांच्या पेल्यात चहा दिला.
ती कपाटं उघडतेय. पलंगाखाली वाकून बघतेय — म्हणते, लपायची खोड आहे कार्टीची. बस झालं नुहा, ये बाहेर, मुलुखियाच्या पाल्याचं सार थंड होतंय —
मी म्हटलं, आई, आलेय बाहेर.
थबकली. जवळ आली. डोळे पुसले माझे. म्हणतेय, बाळ, तुझी आई वाट बघत असेल, आता तू —