बिब्बा आणि उजवं मनगट

माय, तू गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते.

धानोऱ्याच्या घरामागे अंगणात आपण दोघी बसलोय. पुढ्यात जंगलातून वेचून आणलेल्या बिब्ब्यांचा ढीग आहे. हाताला राख फासायची, दगडावर बिब्बा फोडायचा, काळं तेल चुकवून आतली गोडंबी बाजारासाठी काढायची. पहिल्या वर्षी तेल माझ्या उजव्या मनगटावर उडालं आणि आठवड्याने तिथे फोड आले. पुढच्या वर्षी नुसता डाग लागला, तर दुसऱ्याच दिवशी मनगट भाकरीसारखं फुगलं. तू म्हणालीस, "मले काई होत नाई, तुलेच काऊन होते? नाटकं करून राह्यली." आणि माझा तोच हात धरून फोडलेल्या टरफलांत दाबलास. "लागू दे. सवय होईन." मी किंचाळत होते आणि तू गोडंबी निवडायला बसलीस.

सवय झालीच नाही. दरवर्षी जास्तच भडकलं. आता मी प्रयोगशाळेत हेच बघते. एकदा त्रास दिलेली वस्तू लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी शरीरात असतात. काही रक्तातून हिंडतात, काही जिथे लढल्या तिथेच मुक्काम करतात. फुप्फुसातल्या लवकर विरतात. कातडीतल्या मात्र वर्षानुवर्षं दबा धरून बसतात, आणि तीच वस्तू पुन्हा लागली की सगळ्यात आधी तीच जागा पेटते. तू दर हंगामात माझ्या मनगटात त्यांची भर घातलीस. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं, ते मला कळतं. कळल्याने राग कमी होत नाही.

शेवटच्या दुपारी दवाखान्यात तुला श्वास पुरत नव्हता. तू हात पुढे केलास. "हात धर माहा." मी मनगटाला पट्टी बांधूनच आले होते. म्हटलं, "बिब्बा उठला, माय. धरता नाई येत." आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यावर विश्वास ठेवलास. "राहू दे मंग," म्हणालीस, "आग होत असन." आणि हात चादरीखाली घेतलास. तो पुन्हा बाहेर आला नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणूनच लिहिता येतं. पट्टीखाली काहीच नव्हतं. तेवढं एकदाच मी नाटक केलं.