लाल झाकणाचा ड्रम

अण्णा, गोठ्यामागचा तो लाल झाकणाचा ड्रम आता तिथे नाही. तुम्ही असतात तर सकाळी परसात गेल्या गेल्या तुमच्या लक्षात आलं असतं, आणि चहा व्हायच्या आत घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी झाली असती. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि या घरात आता मीच राहते. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगावं असं पुष्कळ काही साठलं, पण विचारावं असं एकच आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. आई तर तुमच्या आधीच गेली, आणि तुमचा कारखानाही कधीचा बंद पडला. त्या ड्रममध्ये काय होतं?

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत तुम्ही रसायनांचे रिकामे ड्रम धुवायच्या कामावर होतात. दोन-तीन महिन्यांनी एखादा निळा ड्रम सायकलला मागे आडवा बांधून घरी आणायचात, आणि तो कोणाच्या वाट्याला येणार म्हणून सगळी वाडी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. आपलं घर त्या ड्रमांवरच चालायचं. एकात आईचे खारातले गरे, एकात भात, एक मधोमध कापून गुरांना पाणी पाजायला. पण कुठलाही ड्रम तुम्ही थेट आत येऊ दिला नाहीत. कारखान्यात चार वेळा धुतलेला असला तरी घरी पुन्हा राख आणि काथ्याने घासायचा, पाणी भरून तीन दिवस ठेवायचं, ते ओतून पुन्हा भरायचं आणि घराखालून वाहणाऱ्या पऱ्यातले बोटभर लांबीचे चार मासे त्यात सोडायचे. मासे दोन दिवस जगले की ड्रम पास. आई म्हणायची, "लोक मासे खातात, हे त्यांना परीक्षेला बसवतात." माझ्या लग्नात तुम्ही असाच एक पास झालेला ड्रम दिलात. सासरची माणसं तोंडावर पदर धरून हसली, पण माझे तांदूळ आजही त्यातच असतात.

लाल झाकणाचा मात्र नापास झाला. मला तो दिवस दिसतो. मी अकरा वर्षांची, ड्रमच्या काठावर हनुवटी टेकून बघतेय, आणि चारही मासे पोट वर करून तरंगतायत. तुम्ही मेलेले मासे काढता. पुन्हा घासता, पुन्हा भरता, पुन्हा मासे सोडता. पुन्हा तेच. मग झाकण तारेने आवळून तुम्ही तो गोठ्यामागे नेता आणि वर जांभ्याचा चिरा ठेवता. आठवड्याने मी खेळता खेळता तो चिरा खाली ढकलला, तेव्हा तुम्ही मला मारलंत. जन्मात एकदाच. "हा डरम मेलेला हाय. ह्यात पानी घालायचा नाय, समजलं काय गो?" मी रडत विचारलं, मेलाय तर टाकून का देत नाही? तुम्ही चिरा उचलून पुन्हा झाकणावर ठेवलात. "टाकू कुठं? पऱ्यात टाकला तर खालच्यांच्या विहिरीत उतरेल. जाळला तर धूर आपल्याच नाकात. भंगारवाल्याला दिला तर तो कोणाच्या तरी सैपाकघरात नेऊन उभा करील. आता तो आपणच राखायचा." आणि खरंच, जिवंत होतात तोवर तुम्ही तो राखलात. मला ते तेव्हा कळलं नाही, आणि पुढे शहाणी झाले तेव्हा तर मुळीच कळलं नाही.

तुमची लेक आता कचऱ्यातली मोठी जाणकार आहे, अण्णा. ओला वेगळा, सुका वेगळा, जुन्या साड्यांच्या पिशव्या, टाकाऊतून टिकाऊ. बचत गटाच्या बायकांपुढे मी तासतासभर बोलते. लोक मला कचरेवाल्या बाई म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? गेल्या उन्हाळ्यात खाडीपलीकडे तुमच्या धाकट्याच्या घरी टँकरचं पाणी साठवायला ड्रम हवा होता. धाकटा बोटीवर असतो. घरी भावजय आणि त्यांची आठ वर्षांची पोर, जिला तुम्ही पाहिलं नाहीत. भावजय नवा ड्रम आणायला निघाली होती. मीच अडवलं. घरात एक पडलेला असताना आणखी प्लॅस्टिक कशाला? चिरा उतरवला, तार तोडली. आत वास नव्हता. राखेने घासला, साबणाने घासला, आठ दिवस उन्हात वाळवला आणि गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तिला दिला. टाळ्या पडल्या. मासे सोडून बघावेत असं मनात आलं होतं, पण या वयात पऱ्यात मासे धरत बसणं खुळेपणाचं वाटलं. इतक्या वर्षांत काय असेल ते उडून गेलं असेल, अशी मी माझी समजूत घातली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

परवा रविवारी त्यांच्याकडे गेले होते. पोर वाळलीय. भावजय म्हणाली, "दोन महिने झाले हो वन्सं, हिचं सारखं तोंड येतंय. औषध लावलं की तेवढ्यापुरतं बरं. माझीपन जीभ सोलवटलीय." डॉक्टर उष्णता म्हणतात. मग तिने कौतुकाने ओट्याशेजारचा ड्रम दाखवला. त्याला तिने खाली नळ बसवून घेतलाय. "पन पानी काय गार ऱ्हातं ह्यात! फ्रिजातलं नको म्हणते पोर." तिने माझ्यासाठी पेला भरला. मी म्हटलं, आज माझा उपास आहे, निर्जळी. तिने तोच पेला पोरीच्या हातात दिला, आणि ती माझ्याकडे बघत गटागटा प्याली. मी तिला पिऊ दिलं, अण्णा. त्या दोघी बाहेर फुलं काढायला गेल्या तेव्हा मी पर्समधल्या बाटलीत नळाचं पाणी भरून घेतलं, चोरासारखं.

काल सकाळी ते एका बरणीत ओतलं आणि दोन मासे सोडले. दुसरी बरणी आपल्या विहिरीच्या पाण्याची, तिच्यातही दोन. आज सकाळी विहिरीच्या पाण्यातले फिरत होते.

तेव्हाच फोन करायला हवा होता. आधी चहा झाला, मग अंघोळ, मग म्हटलं जेवून घेऊ. भावजय पहिला प्रश्न काय विचारणार ते मला ठाऊक आहे. वन्सं, तुम्हाला हे माहीत होतं? ती चांगली आहे, ओरडणार नाही. धाकट्याला बोटीवर कळवेल, आणि मग त्या घरात मला कोणी पेला भरून देणार नाही. म्हणून तुम्हाला विचारत बसलेय. "काय नाय गो, साधंच होतं," एवढं तुम्ही म्हणालात तरी पुरे होतं.

पोर पाच वाजता शाळेतून येते. आली की दप्तर टाकते आणि आधी त्या नळाखाली पेला धरते. आत्ता पावणेपाच झालेत. फोन हाताशीच आहे. पत्र संपलं की लगेच लावीन असं ठरवून मी दोन वाजता लिहायला बसले. सांगायचं सगळं दोन कागदांवर मावलं होतं, अण्णा, आणि मी आता चौथा घेतलाय.