आगपेटीचे दोन फेर

भैंसा,
ता. ९ डिसेंबर १९९४

चि. बाबाराव,

तुले अन् सोनाबाईले आशीर्वाद. इकडं थंडी पडली. कापूस येऊन राह्यला, जिनिंगवाले रोज एखादी जळलेली मोटर माझ्या दुकानात आणून टाकतात, म्हणजे धंदा बरा हाय. तू नागपूरहून पाठवलेलं रोबोटचं पुस्तक भेटलं. पहिलं पान उघडलं अन् झोप आली. अरे, सहावी शिकलेल्या माणसाले असे आकडे पाठवतात काय रे?

पण यंत्राचा हात बनला.

तुझी बहीण राही कापसाच्या गाडीवरून पडली, मान मोडली, त्याले आता दुसरी दिवाळी झाली. मानेखाली काही हालत नाही. मी दिवसभर दुकानात. शेजारची गयाबाई दुपारी येते, पण राही तिले पाणी मागतच नाही. मी पाजलं तरी अर्धा गिलास पेते अन् तोंड फिरवते. नवऱ्याकून सेवा घेतली तर पाप लागते म्हणे! ओठ फाटले तिचे. मग म्हणलं, माणसाच्या हातचं नको ना, यंत्राच्या हातचं घे. भंगारातल्या जीपच्या वायपरच्या मोटरी, सायकलच्या नळ्या, अन् तिच्या हनुवटीखाली एक बटन. बटन दाबलं की हात गिलास उचलते, फिरते, तोंडापाशी आणते. गिलासात सलाइनची नळी टाकली हाय, ती ओठात धरायची.

पण गिलास रोज कलंडे. सारं पाणी तिच्या छातीवर. मी हातालेच शिव्या देत होतो.

एक दिवस बिडी पेटवता पेटवता आगपेटी बोटात फिरवून राह्यलो होतो. तू बी करून पाह्य. आगपेटी उभी धर. पहिले आपल्याकडं पाड, मग उजवीकडं. आता पुन्हा उभी धर, पहिले उजवीकडं पाड अन् मग आपल्याकडं. दुसऱ्याच तोंडानं पडते! फेर तेच, पण आधी कोणता, त्यावर सारं हाय. मी उचलणाऱ्या मोटरीच्या वर फिरवणारी बसवली होती. हात उचलला की फिरायचा आसच तिरपा होये. फिरवणारी खाली घेतली, उचलणारी तिच्यावर. एक थेंब सांडला नाही.

मंगळवारी राही पूर्ण गिलास पेली. बटन तिनंच दाबलं. मी घरभर नाचलो, गयाबाई हसून हसून बेजार. तुझी बहीण बी हसली रे, खरंच हसली.

बुधवारी दुकानात निघालो तर तिनं हाक मारली.

"अवं, ऐका. कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली कोनाड्यात हाय. ती या गिलासात वता अन् तुमी जा. बटन मी दाबीन."

"येडी झाली काय?"

"येडी काऊन? तुमी पाजलं तर तुमाले पाप. यंत्राले कायचं पाप? अन् बटन तर माझंच हाय."

हनुवटीखाली बटन बसवलं त्या दिवसापासून तिच्या मनात हेच होतं म्हणे. अन् मले वाटे, पोरगी पाण्याची वाट पाहून राह्यली.

बाटली मी दूर नेऊन पुरली. दुकान बंद ठेवलं, तिच्याजवळच बसून असतो. तुले लिहू नका म्हणते, तरी लिहून राह्यलो.

आता इतकं लिहिलं तर उरलेलं बी लिहितो. बाबाराव, मी तिले नाही म्हणलो नाही. कोनाड्यातली बाटली काढली अन् गिलासापाशी उभा राह्यलो. ती माझ्याकडं पाहत होती. मले वाटलं, सुटंल बिचारी. मी झाकण काढलं होतं रे. गयाबाई त्या दिवशी सकाळीच आली, तिनं दारातून "माणिकराव" म्हणून आवाज देला तवा भानावर आलो. ती आली नसती तर काय झालं असतं, ते मले ठाऊक नाही. या वयात मी माझ्या हाताले भेऊन राह्यलो.

यंत्राच्या खालच्या मोटरीचा खिळा काढून या पाकिटात टाकला हाय. त्याच्याबिगर हात हालत नाही. पण असा खिळा मी अर्ध्या घंट्यात घडवतो, हे तिले बी ठाऊक हाय. काल विचारत होती, नवा कधी करता म्हणून.

रजा मिळो न मिळो, तू ये. ती आज माझ्या हातानं अर्धाच गिलास पेली.

तुझ्या बहिणीपाशी एकटा बसलेला,
तुझा दाजी
माणिकराव