सगळे रिपोर्ट नॉर्मल

११ जानेवारी
पक्षीगणना. सकाळी सहापासून नवेगावच्या तलावावर, नावेत मी आणि चार पुरुष. कालपासूनच पाणी पिणं बंद केलं होतं. गस्तीवर असलं तर माझ्यासारख्या वनरक्षक बाईला निदान झुडूप तरी मिळतं, नावेत तेही नाही. घरी येऊन लघवीला बसले, उठले, आणि नंतर थेंब थेंब गळणं चालूच. वर ती आग. चार वर्षं झाली याला.
ह्यांनी परवा जवळ घेतलं तर ओरडले मी. तिथंच दुखतं. तोंड फिरवून म्हणाले, "तुहे नाटकं."

१९ जानेवारी
गोंदिया. सोनोग्राफी चौथी. पाणी प्या, लघवी तुंबेपर्यंत थांबा, पोटावर थंडगार जेल, दोन मिनिटं. नॉर्मल. "पोटात नाही हो, खाली दुखतं," म्हटलं, तर डॉक्टर लिहीतच राहिले. भरपूर पाणी प्या म्हणे.
वाघ जातो पूर्वेच्या नाल्यानं आणि कॅमेरे लावले पश्चिमेला, असं आम्ही केलं तर साहेब सोलून काढतील.
घरी ह्यांनी रिपोर्ट वाचला. "चार-चारदा फोटो काहाडले, काईच नाई. मंग तुले दुखते काऊन?"
मला काय माहीत काऊन.

२ फेब्रु.
आज एमसीयू नावाचा एक्स-रे. नळीतून औषध भरून लघवीची पिशवी फुगवतात, मग मशीनसमोर लघवी करायची, ती वाहताना फोटो. एकदाची दुखत्या जागेची पाळी आली म्हणून खुशीत गेले होते.
उभं केलं, हातात भांडं दिलं. काचेमागे तीन माणसं, त्यातला एक डबा खात होता. "करो मॅडम, जल्दी करो." होईना. नळ सोडून ठेवला, डोळे मिटले, देव आठवले. पुरुषमाणूस दिसला की दाबून धरायचं, हे आईनं लहानपणापासून शिकवलेलं. अंगात मुरलंय ते. अर्ध्या तासानं, "उतरो."
बाथरूममध्ये गेल्या गेल्या झाली. तिथंच बसून रडले.

३ फेब्रु.
रिपोर्टात लिहिलंय, रुग्णानं सहकार्य केलं नाही. खाली लिहिलंय, मूत्रमार्गात दोष आढळला नाही. जे बघितलंच नाही, त्यात आढळणार काय, कपाळ!
डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली. ह्यांनी ती माझ्या आईला फोनवर वाचून दाखवली. आई म्हणाली, "जावई बिचारे किती करून राहिले. तू जरा मन शांत ठेव ना बाई."
जेवले नाही.

२० फेब्रु.
नागपूर. एकटीच, घरी ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं, मग तपासलं. आतून बोटानं दाबलं तशी किंचाळले. पू आला.
"किती दिवस?"
"चार वर्षं."
बाईंनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "एमआरआय करू. त्यात नुसतं पडून राहायचं, लघवी करावी लागत नाही." मला हसूच फुटलं. बाईही हसल्या.

२६ फेब्रु.
एमआरआय. अंगावरचं सगळं धातूचं काढा म्हणाले. जोडवी निघेनात, साबण लावून ओढली. आत ठकठक, खडखड, हलायचं नाही.
निघाली एकदाची! मूत्रमार्गाच्या भिंतीतून बाहेर फुगलेली पिशवी. फोटोत पांढरी, घोड्याच्या नालासारखी वळलेली. तिच्यात लघवी साचते, नासते, तीच नंतर गळते. आजार निघाला म्हणून आनंद झाला मला. अशी वेळ कोणा बाईवर येऊ नये.

२७ फेब्रु.
ह्यांच्यासमोर फिल्म धरली, खिडकीच्या उजेडात. बघतच राहिले. "एवढी मोठी? सांगाचं ना मंग पहिलेच!"
पहिलेच! चार वर्षं मी काय गाणं म्हणत होते?
बाहेर जाऊन संत्री घेऊन आले. मी हात लावला नाही.

५ मार्च
बाईंनी ऑपरेशन नीट समजावलं. पोट फाडत नाहीत, खालूनच काढतात. दोन-तीन आठवडे नळी. एखादीचा लघवीवरचा ताबा जातो. पिशवी परतही होऊ शकते. न करावं तर हे आहेच. ताबा गेला तर जंगलात गस्त कशी घालायची... खोटा धीर दिला नाही, हे बरं केलं.

९ मार्च
फिल्म पाहिल्यापासून हे फार भले झालेत. सकाळी पाणी तापवून देतात, हळू बोलतात. "दुकान बंद ठेवतो, मी राहतो ना तुह्यासंगं दवाखान्यात." मला त्याचाच संताप येतो. मी रडत होते तेव्हा कुठं होता हा माणूस?
आज दवाखान्याचा फॉर्म भरला. नाव, वय, सही. खाली एक रकाना, शुद्धीवर नसताना निर्णय कोण घेणार. ह्यांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं.
"नंतर भरते," म्हटलं.
"काऊन? माहंच नाव लिवाचं ना?"
फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला. आईचं लिहावं, तर तीही त्या मनाच्या डॉक्टरच्या चिठ्ठीलाच धरून बसली होती.
ऑपरेशन गुरुवारी आहे. रकाना अजून रिकामा आहे.