‘वणाकाठ’ साप्ताहिक खैरुन्निसा शेख दाऊद हिच्या हाती देण्याबाबत

मी, कृष्णकांत माणिकराव वैरागडे, वय एकाहत्तर वर्षे, धंदा मुद्रक व साप्ताहिक ‘वणाकाठ’चा मालक, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. उजवे अंग लुळे पडले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी सकाळी मला आजचा वार विचारला. तो मी बरोबर सांगितला आणि कालच्या अंकातल्या दुसऱ्या पानावरची ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दाखवली. त्यांनी दाखला दिला, तो सोबत जोडला आहे.

मला मूलबाळ नाही. पत्नी प्रमोदिनी सहा वर्षांपूर्वी वारली. जे काही आहे ते मी कमावलेले आहे, वडिलार्जित काही नाही, म्हणून ते कोणाला द्यावे हे ठरवण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

१. राहते घर, अंगणातील विहिरीसह, माझा पुतण्या ओमप्रकाश याला द्यावे. त्याने मला आजारपणात दोन वेळा नागपूरला नेले, आणले, हे मी विसरलेलो नाही.

२. पोस्टातील शिल्लक तानबा कुंभारे याला द्यावी. सव्वीस वर्षे त्याने माझ्याकडे अक्षरांचे खिळे जुळवले. शिसे हाताळून त्याची बोटे काळी पडली आणि डोळे अधू झाले. ही बक्षिसी नव्हे, त्याचे त्याला आहे.

३. छापखान्याची जागा, ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या सर्व पेट्या, कागदाचा साठा, जुन्या अंकांच्या फायली आणि ‘वणाकाठ’ हे नाव चालवण्याचा हक्क मी खैरुन्निसा शेख दाऊद हिला देत आहे.

या कलमावर माझ्यामागे बोलणे होईल. ओमप्रकाशने तोंडावरच सांगितले, “काका, प्रेस विकून टाका. जामच्या फाट्यावर, हायवेले हॉटेल टाकतो, चांगलं चालते. तुम्ही त्या मुसलमानाच्या बाईले देऊन राह्यले, लोकं काय म्हणतीन?” त्याला आणि लोकांना उत्तर म्हणून पुढील मजकूर लिहवून घेत आहे. तो मृत्युपत्राचाच भाग समजावा.

खैरुन्निसा माझ्याकडे १९७१ साली आली, एकोणीस वर्षांची असताना. तिचे वडील शेख दाऊद गावोगाव फिरून भांड्यांना कल्हई करायचे. भाता मारायला ही लहानपणापासून सोबत. अल्लीपूरच्या बाजारात बापाशेजारी बसून तिने माणसांची बोली ऐकली आणि घरी येऊन आईला नकला करून दाखवल्या. उर्दू शाळेत चार इयत्ता, पुढे मराठी शाळेत मॅट्रिक. मला म्हणाली, “मले लिहाले येते. तुमच्या पेपरात आमच्या गल्लीतलं, बाजारातलं कायीच नसते. मी आणून देईन.” मी तिला मुद्रिते तपासायला बसवले. घरी तिच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला होता, हेही मी इथे नोंदवतो. वर्षभराने प्रमोदिनीने तो उकिरड्यावर टाकला आणि मला विचारले नाही. त्या दिवसापासून त्या दोघी एकाच किटलीतला चहा प्यायच्या.

१९७४ साली तिने दवाखान्याची बातमी आणली. गावाचे नाव लिहीत नाही, तिथल्या पुढाऱ्याची नातवंडे आता शाळेत जातात. त्या गावच्या दवाखान्यातली बाळंतपणाची खोली दोन वर्षे कुलूपबंद होती. बाया बैलगाडीतून हिंगणघाटला यायच्या, एक वाटेतच गेली. चौकशीला गेलेल्या प्रत्येकाला चावी हरवल्याचे सांगत. खैरुन्निसा बापाची कल्हईची पिशवी खांद्याला लावून गेली आणि गावच्या पुढाऱ्याच्या दारात बसली. त्याच्या घरी लग्न होते. भांडी उजळायला हवी होती. नोकराने कमरेची चावी काढली, समोरच्याच दवाखान्याची ती खोली उघडली आणि आतून हंडे-पराती आणून हिच्यापुढे ठेवल्या. खोलीत पुढाऱ्याचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता आणि खाटा भिंतीला उभ्या लावलेल्या होत्या. हिने दिवसभर कल्हई केली, सगळे पाहिले आणि मजुरी घेऊन परत आली. “भांडे चांगले चमकवून देल्ले,” म्हणाली, “त्यात खोट नाई ठेवली.”

मी बातमी पहिल्या पानावर घेतली. खाली छापले: ‘आमच्या खास प्रतिनिधीकडून’. तिसऱ्या दिवशी पुढारी दोन माणसांसह छापखान्यात आला आणि कोणी लिहिले म्हणून दरडावू लागला. मी म्हटले, “मी लिहिले.” एक खुर्ची मोडली, माझा चष्मा फुटला आणि ते निघून गेले. मला वाटले, मी मोठे शौर्य केले. खैरुन्निसाने काचा गोळा केल्या आणि शांतपणे विचारले, “नाना, मार तुम्ही खाल्ला ते ठीक. माहं नाव काऊन खाल्लं?”

मी म्हटले, “तुझ्याच भल्यासाठी.” त्या वेळी माझा त्यावर विश्वास होता.

बातमीने काम केले. महिन्याभरात खोली रिकामी झाली, तिला चुन्याची सफेदी झाली. पुढे त्या बातमीसाठी वर्ध्याला काही मंडळींनी सत्कार ठेवला. निमंत्रण संपादकाच्या नावे आले. मी गेलो. शाल घेतली, पत्रकाराच्या निर्भयतेवर वीस मिनिटे भाषण केले. त्यात तिचे नाव घेतले नाही. तिथे तिच्या भल्याचा प्रश्न नव्हता. टाळ्या गोड लागल्या, एवढेच. ही माझ्या आयुष्यातली चोरी आहे आणि ती मी शुद्धीवर असताना कबूल करतो.

तोवर ती गणपतीत, शाळांच्या स्नेहसंमेलनात नकला करू लागली होती. एस.टी.तला कंडक्टर, रेशनच्या रांगेतल्या बाया, नवसाचे पोर घेऊन आलेली सासू. १९७५ च्या गणपतीत आमच्याच चौकात तिचा कार्यक्रम ठरला. मंडळातले दोघे अडून बसले, की मुसलमानाची मुलगी गणपतीपुढे नको. तिकडे तिच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग दाऊदभाईंना म्हणाले, जवान पोरीला स्टेजवर नाचवतोस का. दाऊदभाई आधी मोहल्ल्यात बोलले, “हसवते. नाचत नाही, चोरी करत नाही.” मग मंडळात आले. चपला बाहेर काढून उभे राहिले. “वीस वर्सं झाले, तुमच्या घरचे देवाचे भांडे मीच उजळून राह्यलो. तवा तं कोणी माहा धरम इचारला नाई.” अडून बसलेले दोघे बाजूला झाले. कार्यक्रम झाला.

मी पहिल्या रांगेत होतो, प्रमोदिनी शेजारी. आणीबाणी लागलेली, पेपरात छापता येईना अशा चार गोष्टी तिने हसत हसत सांगून टाकल्या. मग खांद्यावर शालीसारखे गोणपाट टाकून पुढे आली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसल्यासारखे केले, दोनदा खाकरली. चौकाने मला लगेच ओळखले. माझ्याच आवाजात ती म्हणाली, “त्या दवाखान्यात मी स्वतः गेलो. म्हणजे गेलो नाही, पण बातमी मी लिहिली. म्हणजे लिहिली नाही, पण छापली मी. म्हणजे छापली तानबाने. शाल मात्र मी स्वतः घेतली. त्या कामात मी कोणाला हात लावू दिला नाही.”

सारा चौक हसला. तानबा डोळे पुसत होता. प्रमोदिनीही हसली, आणि हसू ओसरल्यावर हळूच म्हणाली, “खरंच लिहिलं होतं तिनं?” बायकोलाही मी सांगितले नव्हते. त्या क्षणी मला उठून जावेसे वाटले. रागाने कान तापले होते. पण पोरीने खोटे एक अक्षर उच्चारले नव्हते. तिने मला शिवी दिली नाही, वैर धरले नाही, नोकरी सोडली नाही. गावाला हसवत हसवत स्वतःचे नाव परत मागितले, तेही माझ्या डोळ्यांदेखत. असे धैर्य मी पुरुषांत पाहिलेले नाही, माझ्यात तर नाहीच.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकट टाकली, की दवाखान्याची बातमी खैरुन्निसा शेख दाऊद यांची होती. त्यानंतर तिचे प्रत्येक अक्षर तिच्या नावाने छापले.

१९८२ साली नागपूरच्या एका दैनिकाने तिला बोलावले. ती गेली. मी निरोपाला गेलो नाही, दोन वर्षे पत्राला उत्तर दिले नाही. हा माझा कोतेपणा. १९८५ च्या फेब्रुवारीत मला झटका आला आणि ‘वणाकाठ’ बंद पडणार असे ठरल्यासारखे झाले. पाचव्या दिवशी ती एक बॅग घेऊन छापखान्यात आली, तानबाला म्हणाली, “टाइप उचल,” आणि अंक शुक्रवारी निघाला. मग मला भेटायला आली. मी विचारले, माझी कीव येऊन आलीस का? जीभ जड होती, तिला समजून घ्यायला वेळ लागला. म्हणाली, “कीव कायची? तिथं मले म्हणे, बातम्या लिहा नाई तं नकला करा, दोन्ही नाई चालत. मले दोन्ही लागते. म्हणून आली.”

तेव्हापासून एकही अंक चुकलेला नाही. माझे अग्रलेख ती अर्धे करते. आधी मी चिडायचो. आता अर्धाच सांगतो, तर त्यातलाही पाव कापते, आणि ते वाचनीय होतात हे मला मान्य करावे लागते. गेल्या वर्षी ओमप्रकाशच्या मित्राने जाहिरातीच्या बदल्यात बातमी दाबायला सांगितले. तिने जाहिरात परत केली आणि बातमी छापली. शनिवारी अल्लीपूरच्या बाजारात तिच्या नकला असतात, आणि बाया टोपली खाली ठेवून ऐकतात. हसून झाले की त्यातलीच एखादी तिला बाजूला घेऊन आपल्या गावचे काय दुखते ते सांगते. पुढच्या शुक्रवारी ते पेपरात येते. मी चाळीस वर्षे पत्रकार म्हणवून घेतले. माझ्याकडे असे कोणी चालत आले नाही.

४. ओमप्रकाशने कलम ३ विरुद्ध कोर्टात तक्रार केल्यास घर त्याला न देता नगर वाचनालयास द्यावे. बाबा, तू तसे करणार नाहीस असे मला वाटते. हे कलम वकिलांच्या आग्रहाने घातले.

५. माझ्या मृत्यूची बातमी चार ओळींपेक्षा मोठी छापू नये.

६. मसुदा लिहिताना वकिलांनी विचारले, कलम ३ मध्ये बाईचे तुमच्याशी नाते काय लिहू, रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी म्हटले, मानलेली मुलगी लिहा. खैरुन्निसा तेव्हा मुद्रिते घेऊन आलेली होती. ती म्हणाली, “मुलगी नोका लिहू नाना. मले बाप होता, चांगला होता.”

वकिलांनी लेखणी थांबवली. मी तिला विचारले, मग काय लिहायचे?

तिने मुद्रितांवरून नजर न काढता सांगितले आणि मी ते कलम ३ साठी इथे जसेच्या तसे लिहायला लावले.

नाते: संपादक.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. उजवा हात चालत नसल्याने डाव्या हाताने सही करीत आहे. अक्षर वाकडे आहे, मी तोच आहे.

(सही) कृष्णकांत माणिकराव वैरागडे

आम्हा दोघांसमक्ष, आणि आम्ही एकमेकांसमक्ष, सही झाली:

१. अण्णाजी गोविंदराव तिजारे, निवृत्त मुख्याध्यापक, हिंगणघाट
२. डॉ. हिरालाल शंकरलाल ओझा, हिंगणघाट

ठिकाण: हिंगणघाट, जिल्हा वर्धा
दिनांक: २१ नोव्हेंबर १९८७, शनिवार